शेवटच्या बाकाचा पेला

चर्चच्या मंडळीत तिला सगळे ‘चकाचक’ म्हणत. मुलं चकाचक मावशी म्हणत, सुनाबाळी चकाचक काकू म्हणत, आणि पाळकसाहेब तिच्या माघारी नुसतंच चकाचक म्हणत. समोर मात्र तेही तिला ‘बाई’ म्हणायचे. प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या आठवणीत मंडळी घोटभर द्राक्षरस पिते त्या विधीचे, पेले तिच्या ताब्यात होते, आणि ज्याच्या ताब्यात पेले त्याच्याशी पाळकानेही जरा जपूनच वागावं, असा त्या चर्चचा अलिखित कायदा होता.

पेले म्हणजे अंगठ्याएवढे, काचेचे. दोन गोल तबकं, तबकाला भोकं, प्रत्येक भोकात एक पेला. एक तबक डावीकडच्या बाकांना, एक उजवीकडच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते लागत, म्हणून आदल्या दिवशी दुपारी ती पाळकांच्या खोलीमागच्या मोरीत बसून ते धुवायची. आधी सोड्याच्या कढत पाण्यात, मग नुसत्या उकळत्या पाण्यात, मग पांढऱ्या फडक्यावर पालथे, आणि शेवटी एकेक खिडकीच्या उजेडाकडे धरून तपासायचा. कोणी म्हणालं, “अहो, घोटभर तर रस असतो, एवढं काय घासत बसता?” की ती म्हणायची, “घोटभरच असतो, पण कोणाच्या नावाचा असतो ते बघा.” आणि पुढचा पेला उजेडाकडे धरायची.

पोटापाण्यासाठी ती रक्त-लघवी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काचसामान धुण्याचं काम करायची. नळ्या, बाटल्या, काचेच्या पट्ट्या. नवरा गेल्यावर या नोकरीवरच तिने मुलीला वाढवलं, शिकवलं, उजवलं. तिच्या जावयाचं म्हणणं असं, की बायको माझ्यावरच्या प्रेमाने नाही, आईच्या साबणाच्या धाकाने या घरात आली. ती हे ऐकून हसायची आणि हसता हसता त्याचा कप पुन्हा विसळायची. तिच्या हाताला सतत साबणाचा वास असायचा आणि त्याचा तिला अभिमान होता. माणसाला कशाचा ना कशाचा अभिमान असतोच. चर्चमध्ये येणाऱ्याला तो नसतो असं कोणी सांगितलं तर खुशाल समजावं की सांगणारा स्वतःला फार नम्र समजतो.

डावीकडच्या शेवटच्या बाकावर दाराशी एक सुतार बसायचा. तिच्या नवऱ्याचा जिवलग दोस्त. चर्चचं ते दार त्यानेच केलेलं होतं. हवेत ओल आली की ते फुगायचं आणि न करकरता ओढून कसं लावायचं हे त्याच्याशिवाय कोणाला जमायचं नाही, म्हणून ती जागा त्याची. तिच्या नवऱ्याची शवपेटीही त्यानेच केली होती. दिवसभर एकटाच दुकानात बसून केली आणि कोणाला रंधा धरू दिला नाही. ती त्याला भाऊजी म्हणायची, तो तिला वहिनी. ओट्यावरची फळी निखळली, खिडकीची कडी तुटली, तर निरोप जायच्या आत तो हत्यारांची पिशवी घेऊन दारात हजर व्हायचा.

एका वर्षी त्याला खोकला लागला आणि हटेना. एक दिवस तो प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभा दिसला, हातात थुंकीची डबी. तिला पाहून ओशाळला. हळूच म्हणाला, “वहिनी, मंडळीत नका बोलू.” ती म्हणाली, “भाऊजी, इथलं इथंच राहतं.” निदान क्षयाचं झालं. बाहेर त्याने छातीत पाणी झालंय असं सांगितलं आणि हवापालटाला म्हणून बहिणीकडे गेला. खरं काय ते त्याची बायको जाणे आणि ही जाणे.

औषधांचा कोर्स पुरा झाला. पहिली तपासणी निगेटिव्ह आली, दुसरी आली, तिसरीही आली. तिसऱ्या वेळचा कागद तिने स्वतः डॉक्टरांच्या टेबलावरून उचलून धावत खिडकीपाशी नेला. डॉक्टर मागून म्हणाले, “सांगा त्यांना, आता त्यांच्यापासून कोणाला काही होणार नाही.” सुताराने कागद उलटा धरला होता, तिने तो सुलटा केला. मग प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर उभं राहून दोघांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते अगदी खरं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडलं ते वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई ढोंगी होती. ढोंगी असती तर सोपं झालं असतं.

त्याच आठवड्यात महिन्याचा पहिला रविवार येत होता. आदल्या दुपारी ती मोरीत पेले धुवायला बसली, आणि सुतार उद्या येणार हे तिच्या मनात आलं. त्याचे ओठ मनात आले. मग मुलीची माहेरी राहिलेली नेलपॉलिशची बाटली पिशवीत सापडली असं तिने पुढे स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ती सापडली नव्हती, तिने सकाळी घरून निघताना पिशवीत टाकली होती. तिने एक पेला पालथा केला आणि त्याच्या बुडाला मोहरीएवढा लाल ठिपका दिला.

त्या मंडळीची जुनी शिस्त अशी, की तबकातले पेले कडेपासून घेत आत जायचं आणि मधोमधचा पेला शेवटच्या बाकावरच्या शेवटच्या माणसाने घ्यायचा. म्हणजे सुताराने. तिने ठिपक्याचा पेला डाव्या तबकाच्या मधल्या भोकात ठेवला. झालं. कोणाला सांगायला नको, कोणाला दुखवायला नको.

मनाची समजूत घालायला माणसाला बाहेरचा वकील लागत नाही. मंडळीत लेकरं आहेत, म्हातारीकोतारी आहेत, आपल्याला यातलं कळतं म्हणजे जबाबदारी आपलीच, असं तिच्या वकिलाने सांगितलं आणि तिला ते पटलं. सगळेच पेले उकळत्या पाण्यातून निघतात, मग एकच वेगळा कशाला, हा प्रश्न प्रयोगशाळेत परवा कामाला लागलेल्या मुलीनेही विचारला असता. हिने तो स्वतःला विचारला नाही. दोन-चार महिन्यांनी तर ती विसरूनच गेली की आपण काही करतोय. शनिवारी मधल्या भोकात ठिपक्याचा पेला ठेवणं ही दिवा मालवण्यासारखी सवय होऊन बसली. अशी तीन वर्षं गेली. त्या काळात सुताराने तिच्या कपाटाला नवी बिजागरी लावली आणि न्हाणीघराचं दार बदललं.

मग तो रविवार आला. सुताराच्या सुनेला सातवा महिना होता. चर्चमध्ये गर्दी आणि उकाडा, तिचा जीव घाबरायला लागला, म्हणून सुताराने आपली दाराजवळची जागा तिला दिली आणि स्वतः एक जागा आत सरकला. चकाचक उजवीकडच्या शेवटच्या बाकावर बसायची, पेले गोळा करायला सोयीचं म्हणून. तिथून तिला मधल्या वाटेपलीकडचं सगळं दिसत होतं. तबक घेतलेले मंडळीचे पंच एकेक बाक मागे सरकत येत होते. शेवटच्या बाकाशी आले. सुताराने कडेचा राहिलेला पेला घेतला. मधला सुनेने उचलला.

त्या मंडळीत पेला घेतला की लगेच पीत नाहीत. सगळ्यांच्या हाती आला की पाळक एक वाक्य बोलतात आणि मग सगळे एकदम पितात. म्हणजे वेळ होता. उठायला, दोन पावलं टाकायला, “बाळ, तो ठेव, दुसरा घे,” म्हणायला भरपूर वेळ होता. ती उठली नाही. पोटुशी पोर तो पेला हातात धरून बसली होती आणि ही हलली नाही. तेव्हा तिला लखकन कळलं, की त्या पेल्यात काही नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. थोडी जरी शंका असती तरी आपण धावलो असतो. काहीच नव्हतं. पहिल्या दिवसापासून काहीच नव्हतं. ती सावधगिरी नव्हती, घाण वाटणं होतं. नवऱ्याच्या दोस्ताच्या ओठांची घाण.

तोवर सुताराने सुनेच्या हातातला पेला काढून घेतला होता आणि आपला तिच्या हातात दिला होता. न बघता, न बोलता, घरात ताट बदलून द्यावं तसं. सुनेला काही कळलंही नाही. घेतलेल्या पेल्याच्या बुडाखाली त्याने अंगठा धरला. पाळक बोलले. सगळे प्याले, तोही प्याला.

मग ती पेले गोळा करायला उठली. सुताराने आपला पेला नेमका मधल्या भोकात ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं, “बऱ्या आहात ना, वहिनी?” ती “हो” म्हणाली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण बोलण्यात सहज म्हणतो. तिला त्या दिवशी ते खरोखरच हवं होतं, पण चर्चची जमीन चांगली दगडी होती.

संकटं एकटी येत नाहीत, कधी कधी ती हार घेऊन येतात. त्याच दिवशी उपासना संपल्यावर भगिनी मंडळाच्या चिटणीस बाईंनी जाहीर केलं, की आपल्या चकाचक मावशींच्या सेवेला पंचवीस वर्षं होत आहेत, पुढच्या रविवारी त्यांचा सत्कार होईल आणि त्या आपली साक्ष देतील, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी सर्वांत जोरात.

दोन दिवस तिला अन्न गेलं नाही. प्रभुभोजनाआधी दर महिन्याला पाळक सांगायचे, कोणाशी काही असेल तर आधी जाऊन मिटवा, मग पेल्याला हात लावा. पंचवीस वर्षं तिने हे ऐकलं होतं आणि दर वेळी डोळ्यांसमोर दुसऱ्याच कोणाची तरी भांडणं आणली होती. बुधवारी प्रयोगशाळेतून ती परस्पर सुताराच्या दुकानात गेली.

तो एका दाराच्या फळीवर रंधा मारत होता. खाली लाकडाच्या सालींचा ढीग पडला होता.

“या वहिनी. त्या स्टुलावर बसू नका, रंग ओला आहे.”

ती उभीच राहिली. “भाऊजी, तो पेला...”

त्याने आणखी दोनदा रंधा ओढला आणि बाजूला ठेवला. “मला वाटलंच होतं, या आठवड्यात याल.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्या महिन्यात. वहिनी, मी सुतार आहे. फळीवर केसाएवढी चीर असली तरी मला दिसते, तुम्ही तर लाल रंग दिलात. आधी वाटलं, पेला तडकलाय म्हणून खूण केली असेल. दुसऱ्या महिन्यात तोच पेला. तिसऱ्या महिन्यात शेजारच्याचा वाकून बघितला. त्याला ठिपका नव्हता. मग तुमच्या घरचा स्टीलचा पेला आठवला.”

“कुठला स्टीलचा पेला?”

“मी आजारातून उठल्यापासून बाकीच्यांना कपबशी आणि मला स्टीलचा. चहा गरम राहतो म्हणायचात.”

हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. तिने आठवून पाहिलं आणि ते खरं निघालं. ओट्याच्या टोकाला, इतर भांड्यांपासून वीतभर लांब, तो पेला आजही पालथा होता.

“मग बोलला का नाहीत हो? एकदा तरी माझ्या तोंडावर फेकायचा होता तो.”

“फेकणार होतो. दर महिन्याला ठरवून यायचो. पण बोलणार काय? मला काही नाही हे सांगायला माझ्याजवळ एकच कागद होता, आणि तो तुम्हीच माझ्या हातात आणून दिला होता. तुम्हालाच तो पटला नाही, मग दुसऱ्या कोणाला काय दाखवू?”

ती रडायला लागली. तो तिची समजूत घालायला पुढे आला नाही. फळीवरचा भुसा हाताने झाडत राहिला.

थोड्या वेळाने ती डोळे पुसून म्हणाली, “रविवारी मला साक्ष द्यायची आहे. मी उभी राहून सगळं सांगते. होऊ दे काय व्हायचं ते.”

तेव्हा मात्र सुताराचा आवाज चढला. “काय सांगाल? माझ्या आजाराचं नाव घेतल्याशिवाय ठिपक्याचं कसं सांगाल? तुम्ही रडाल, चार बायका तुम्हाला पोटाशी धरतील, म्हणतील केवढं मोठं मन! पाळक त्याच्यावर दोन रविवार बोलतील. आणि माझ्या सुनेशेजारी कोण बसेल? उद्या तिच्या बाळाला कोण उचलून घेईल? ज्यांना हा आजार कळतो त्या तुम्हालाच तीन वर्षं लागली, बाकीच्यांना किती लागतील? नाही वहिनी. तुमचं मन हलकं करायला माझं घर नका वापरू.”

एवढं बोलून त्याला दम लागला. ती दचकली, आणि दचकल्याचं त्याने पाहिलं.

“मी माफी मागायला आले होते,” ती म्हणाली.

“कळलं मला. माफ केलं म्हणायला जीभ जड होत नाही. दर रविवारी म्हणतोच की आपण. पण आत्ता म्हटलं तर ते खोटं ठरेल. थांबा थोडं. मलाही थांबावं लागेल.” त्याने रंधा उचलला. “जाताना दार नुसतं लोटा, ओढू नका. बिजागरी नवीन आहे.”

रविवारी सत्कार झाला. तिला पुढच्या बाकावर बसवलं. चिटणीस बाई छान बोलल्या. स्वच्छ हात, स्वच्छ मन, पंचवीस वर्षांत एका पेल्याला डाग नाही, असं सगळं बोलल्या. प्रत्येक वाक्य तिला चपराक मारून जात होतं आणि गाल चोळायचीही सोय नव्हती. मग तिला साक्षीसाठी उभं केलं. ती मागे दाराकडे बघू शकली नाही. समोरच्या मेजाकडे बघत म्हणाली, “मी पेले धुते. एवढंच करते. माझ्याबद्दल चांगलं काही बोलू नका.” आणि खाली बसली. चर्च टाळ्यांनी दुमदुमलं. एक म्हातारे पंच शेजाऱ्याला म्हणाले, “याला म्हणतात नम्रता,” आणि ते तिला ऐकू गेलं.

खरं सांगून मोकळं होणं ही किती मोठी चैन असते हे तिला त्या दिवशी कळलं. ती चैन तिला परवडणारी नव्हती. तिने पाप केलं होतं आणि वर त्याची वाहवा घेऊन ती घरी आली होती. चिटणीस बाईंनी दिलेली भेट तिने कागदासकट कपाटात टाकली. स्टीलच्या पेल्यात चहा करून घेतला आणि तो प्यायली. प्यायल्यावर उगाचच बरं वाटल्यासारखं झालं, आणि त्याचीही तिला लाज वाटली. इतक्या स्वस्तात कोणी सुटत नाही.

पुढच्या महिन्याच्या शनिवारी मोरीत बसून तिने तो ठिपका पुसला. रिमूव्हर लावलेल्या कापसाच्या एका बोळ्याने निघाला, खुणेलाही उरला नाही. मग तो पेला बाकीच्या पेल्यांत मिसळला, सगळे वरखाली केले, आणि डोळे मिटून हाताला येतील तसे तबकात मांडले. आता कोणता तो, हे तिलाही सांगता आलं नसतं.

रविवारी सून घरीच होती, दिवस भरत आले होते. सुतार आपल्या जागी दाराशी बसला. पंच तबक घेऊन आले. त्याने मधला पेला उचलला, जरासा वर धरला आणि खालून बुडाकडे पाहिलं. ठिपका नव्हता. त्याने अंगठ्याने बूड चोळलं, पुन्हा पाहिलं. मग पाळकांचं वाक्य झालं आणि तो सगळ्यांबरोबर प्याला. पेले गोळा करताना त्याने विचारलं, “बऱ्या आहात ना, वहिनी?” आणि ती “हो” म्हणाली.

त्याच्या पुढच्या महिन्यातही त्याने पाहिलं. सुनेला मुलगी झाली. मंडळीतल्या बायकांनी तिला एकीच्या हातून दुसरीच्या हाती असं चर्चभर फिरवलं, आणि चकाचकनेही घेतलं. सुतार तिच्याकडे फळीचं माप घ्यायला येऊन गेला, चहा प्याला, कपबशीतून. एकदा जाता जाता म्हणाला, “वहिनी, ते आपलं मिटलं बरं का.” त्याने ते मनापासून म्हटलं होतं, हे तिला कळलं. खोटं बोलणारा माणूसच नव्हता तो.

पण महिन्याच्या पहिल्या रविवारी तबक शेवटच्या बाकाशी येतं, तो मधला पेला उचलतो, आणि पिण्याआधी एकदा बुडाकडे बघतो. आपण बघतो हे त्याला कळतही नसावं. वाटेपलीकडच्या बाकावर ती मान खाली घालते. शेजारच्या बाईला वाटतं, ती प्रार्थना करतेय.